एका श्वासाचा नियम

१

मासा पाण्याबाहेर असेल तोवर, ज्याच्या हातात तो आहे त्याने आपला श्वास रोखून धरायचा. काकांचा हा नियम नदीवर लहानथोर सगळ्यांना लागू होता. आपल्याला हवा हवीशी वाटली की समजायचं, माशाचीही तीच गत आहे. मोजमाप अर्धवट राहिलं तरी चालेल, मासा आधी पाण्यात.

काकांची पुतणी गोड्या पाण्यातल्या माशांचं शास्त्र शिकून दूरदेशाहून परतली तेव्हा गळ्यात स्टॉपवॉच अडकवूनच आली होती. पंधरा सेकंदांपेक्षा जास्त नको, असं तिच्या पुस्तकात होतं. पहिल्या दिवशी तिने काकांचा श्वास मोजला: चौदा सेकंद. दुसऱ्या दिवशी चौदा. तिसऱ्या दिवशी तिने पुस्तकाला मनातल्या मनात शाबासकी दिली.

काका नदीच्या दोन किलोमीटरच्या पट्ट्याचे राखणदार होते. या पट्ट्यात जाळं टाकायला परवानगी नव्हती. गळाने मासे धरण्याचा नाद असलेली माणसं यायची, तास न् तास काठी घेऊन उभी राहायची, आणि मिळालेला मासा परत पाण्यात सोडून हसतमुखाने घरी जायची. गळाला उलटा काटा नसायचा, म्हणजे तो ओठातून अलगद निघायचा. मासा होता सोनपाठ्या. पाठ पिवळीधमक, खवले रुपयाएवढे, आणि ताकद अशी की पट्टीच्या माणसालाही अर्धा तास घाम फोडेल.

सोडण्याचीही रीत होती. मासा दमलेला असतो; तसाच सोडला तर उलटा होऊन वाहत जातो. म्हणून एक हात पोटाखाली, दुसरा शेपटीच्या मनगटाला, तोंड प्रवाहाकडे, आणि तो आपण होऊन निघेपर्यंत नुसतं धरून उभं राहायचं.

"घट्ट नको गं, बोटुकले," पहिल्या आठवड्यात काका रोज म्हणायचे. बोटुकली म्हणजे बोटाएवढी झालेली माशाची पोर. ती तीस वर्षांची झाली तरी काकांच्या लेखी बोटुकलीच होती. "तो काय पळून चाललाय?"

"पळून जावा म्हणूनच तर धरलाय ना, काका?"

"मग चोर पकडल्यासारखा कशाला धरतेस? पाहुणा निघालाय. दारापर्यंत पोचवायला जातो तसं धर. सैल."

"आणि नाहीच निघाला तर?"

"तर धरून बसायचं. घाई कसली?"

हे नुसतं बोलणं नव्हतं. एकदा एक म्हातारा मासा काही केल्या शेपटी हलवेना. काका त्याला धरून दोन तास कमरेएवढ्या पाण्यात उभे राहिले. काकूने काठावरून तीनदा हाक मारली आणि शेवटी चहा थर्मासात ओतून ठेवला. मासा गेला तेव्हा काकांच्या हातातच गेला. काका आणखी थोडा वेळ तसेच उभे होते.

"माणसांवर एवढी माया केली असती," काकू म्हणाली, "तर आज निवडून आले असते."

२

गेल्या वर्षी जाळेवाल्या ठेकेदाराने अर्ज केला होता. त्याचं म्हणणं सरळ होतं: गळाने धरून सोडलेले मासे तसेही मरतात, मग हा पट्टा अडवून कशाला ठेवायचा? नद्यांच्या कारभारावर एक समिती होती. तिने मधला मार्ग काढला. काकांनी आणि त्यांच्या पुतणीने दोनशे माशांना बिल्ले लावून सोडावेत. त्यातले चाळीस तरी वर्षभरात पुन्हा गळाला लागलेले, जिवंत आणि धडधाकट दिसले, तर पट्टा पुढची दहा वर्षं जाळ्यांना बंद. एक जरी कमी पडला, तर खुला.

ठेकेदाराला इतका भरवसा होता की त्याने जाळं बांधायचा लोखंडी खुंटा धबधब्याखालच्या मोठ्या डोहात आधीच ठोकून ठेवला होता. त्याचं गंजलेलं टोक पाण्यावर हातभर दिसायचं. काका जाता येता त्याच्याकडे असं बघायचे, जसं कुणी आपल्या अंगणात दुसऱ्याने वाळत घातलेल्या कपड्यांकडे बघावं.

समिती येणार सोमवारी. आज गुरुवार. बिल्लेवाले मासे परत मिळाले होते अडतीस.

"एकोणचाळीस!" दुपारी पाण्यातून आरोळी आली. दातांचे डॉक्टर होते ते. निवृत्तीनंतर आठवड्यातले चार दिवस ते नदीवर काढायचे आणि माशाच्या तोंडातून गळ काढताना सवयीने म्हणायचे, "आ करा. अजिबात दुखणार नाही."

ती धावत पाण्यात उतरली. माशाच्या पाठीच्या पराशी पिवळा बिल्ला होता. तिने तो वाचला, मासा झोळीत तोलला, श्वास रोखला, पट्टी लावली, श्वास सोडला. मासा तिच्या हातातून निघाला तो जाताना शेपटीचा एक फटकारा तिच्या तोंडावर मारून.

"फी दिली त्याने," डॉक्टर म्हणाले.

"आता एकच, काका," तिने ओल्या तोंडानेच सांगितलं.

"होईल," काका म्हणाले. मग खुंट्याकडे पाहून पुन्हा म्हणाले, "माझ्या डोळ्यांदेखत झालं म्हणजे मिळवली."

तिच्या खोलीत सूटकेस अजून पुरती रिकामी झाली नव्हती. तिकडच्या विद्यापीठाने जागा राखून ठेवली होती. पट्टा गेला तर तिला इथे करण्यासारखं काही उरणार नव्हतं. हे काकूने कधी काढलं नाही. फक्त झाडताना ती सूटकेसभोवती झाडायची, ती हलवायची नाही.

३

खवले वाचायचं काम तिने शेवटासाठी ठेवलं होतं. प्रत्येक माशाला बिल्ला लावताना एक खवला काढून छोट्या पाकिटात घातलेला होता. दोनशे पाकिटं, दोनशे खवले. खवल्यावर झाडाच्या खोडासारखी वलयं असतात, वर्षाला एक. त्यावरून माशाचं वय कळतं. अहवालात तेवढा एक तक्ता राहिला होता.

गुरुवारी चहानंतर तिने पहिलं पाकीट उघडलं. केंद्राला दोनच खोल्या होत्या: एकीत काकूचं स्वयंपाकघर, दुसरीत मासे मोजायचं लांब कुंड, भिंतीला उलटे टांगलेले रबरी बूट आणि खिडकीपाशी तिचं सूक्ष्मदर्शक. बुटांतून अधूनमधून थेंब गळायचा. तेवढाच आवाज.

खवला कोरा होता.

म्हणजे कडेला तीन वलयं होती, पण मधोमध काही नाही. धुरकट काचेसारखी जागा. यात नवल नव्हतं. दगडावर घासून खवला पडला की त्या जागी नवा येतो, आणि नव्याला मागची वर्षं माहीत नसतात. त्याचा मधला भाग कोरा राहतो. असे खवले शेकड्यात पाच-सात मिळतातच. तिने तो बाजूला ठेवला.

दुसरा कोरा होता. तिसराही.

दहाव्या खवल्यानंतर तिने भिंग पुसलं. विसाव्यानंतर दिवा बदलला. चाळिसाव्यानंतर खुर्ची मागे सरकवून ती उभी राहिली आणि नुसतीच बुटांकडे बघत राहिली.

दगडावर घासून पडायचे तर खवले कुठूनही पडले असते. पण हे सगळे तिने एकाच जागेवरून घेतले होते: डावी बाजू, पाठीच्या पराच्या मागे, अंगावरच्या मधल्या रेघेपासून वर तिसरी ओळ. जगभर अभ्यासक साधारण तिथूनच घेतात. आणि या माशांचा खवला तिच्याआधी कुणी घेतलेला नव्हता.

शुक्रवारी बिल्ला नसलेला एक सोनपाठ्या मिळाला. तिने त्याचे दोन खवले घेतले. उजव्या बाजूच्या खवल्यावर आठ वलयं होती, सुरेख, एकात एक. डाव्या बाजूचा कोरा.

कडेची वलयं मोजली की तो कधी पडला तेही कळत होतं. कुणाचा तीन वर्षांपूर्वी, कुणाचा सहा. काही मासे दोनदा धरलेले दिसत होते. कोऱ्या भागाभोवती वलयं, आणि त्यांच्यावर मागाहून पडलेला ओरखडा, चिमट्याने खवला धरताना नवख्या हाताचा पडतो तसा.

असा ओरखडा पहिल्या आठवड्यात तिच्याकडूनही पडायचा.

४

"काका, आपल्याआधी इथे कुणी अभ्यासाला आलं होतं?"

"चाळीस वर्षांत नाही."

"वरच्या अंगाला? धरणाकडे?"

"तिथे कोण मरायला जातंय?"

काका व्हरांड्यात पालथे पडले होते आणि काकू त्यांच्या पाठीला तेल चोळत होती. दिवसभर थंड पाण्यात उभं राहून त्यांचा खांदा धरायचा. ती उंबऱ्यात बसून पेन्सिल चावत होती.

"सगळ्या माशांचा खवला आधीच कुणीतरी घेतलाय," ती म्हणाली. "माझ्याच जागेवरून. एकजात सगळ्यांचा."

काकूचा हात थांबला. मग पुन्हा चालू झाला.

"मेले का त्यातले कुणी?" काकांनी विचारलं.

"नाही. उलट वजन चांगलं आहे."

"मग झालं. ज्याने घेतला त्याने सोडला. तो आपल्यातलाच."

"तसं नाही होत, काका! दुसरं कुणी इथले मासे धरत असेल तर माझा सगळा हिशेबच डळमळतो. समितीला सांगावं लागेल."

"सांग की. खोटं कुठे बोलायला सांगतोय?"

"आणि त्यामुळे पट्टा गेला तर?"

"खरं सांगून गेला तर गेला," काका म्हणाले. "पण तू सांगशीलच. म्हणून तर तुला बोलावलं."

तिच्या मनात आलं, हा माणूस तिच्या विद्यापीठातल्या निम्म्या प्राध्यापकांना शिकवू शकेल. तिने प्रेमाने त्यांच्या पाठीकडे पाहिलं, आणि तिची नजर तिथेच थांबली.

डाव्या खांद्याच्या फऱ्याखाली एक छोटी जागा तेलाने वेगळी चमकत होती. अंगठ्याच्या नखाएवढी. तिथे लव नव्हती, सुरकुती नव्हती, त्वचेवर असतात त्या बारीक रेघाही नव्हत्या. व्रण नव्हता तो. ती जागा कोरी होती. तिच्याशेजारी दुसरी होती. मग आणखी.

"हे काय झालंय?"

"पट्ट्याने घासलं असेल," काकू म्हणाली. "त्या रबरी विजारीचा पट्टा."

पट्टे दोन असतात. उजवा खांदा साफ होता.

"किती आहेत?" तिने विचारलं.

"नऊ," काकू म्हणाली, मोजल्याशिवाय.

५

शनिवारी दिवसभर तिने स्वतःला समजावलं. माणूस थकला की त्याला सगळीकडे तेच दिसतं. खवल्यांत कोरं पाहिलं म्हणून पाठीवरही कोरं दिसलं. एखादा त्वचेचा विकार असेल. माशांचं म्हणाल तर वरच्या अंगाला कुणीतरी न सांगता अभ्यास करत असेल. अशी माणसं असतात. तिच्या वर्गातच दोन होती.

पण काकांचे नियम कुठले, हा प्रश्न तिला आधी कधी पडला नव्हता. तिच्या पुस्तकात ते दहा-बारा वर्षांपूर्वी आले होते. काका चाळीस वर्षं तसंच करत होते.

"काकू, काकांना हे शिकवलं कुणी? श्वास रोखायचं, तोंड प्रवाहाकडे करून धरायचं?"

काकू कांदा चिरत होती. "लग्नाच्या वर्षी ते डोहात पडले. मोठा पूर होता. लोक म्हणाले, संपलं. आणि हे आपले खालच्या उथळ पाण्यात उभे, गुडघ्याएवढ्या पाण्यात, तोंड प्रवाहाकडे. त्या दिवसापासून मासे सोडायला लागले. तोवर खायचे."

"आणि नंतर?"

"नंतर आठ वेळा. धांदरटच आहेत ते."

"तू कधी पडलीस?"

"मी? मी पाण्यात पायसुद्धा घालत नाही, बाई. मला कुणी मोजलेलं आवडत नाही." ती हसली, मग सुरी बाजूला ठेवून तिने पुतणीच्या केसांवरून हात फिरवला, कांद्याचा हात असूनही. "तू पडली होतीस. सहा वर्षांची असताना. सुट्टीत आली होतीस."

"मला आठवत नाही."

"तुझ्या आईने त्याच दिवशी तुला नेलं. पुन्हा पाठवलंच नाही."

"मला बाहेर कुणी काढलं?"

काकूने कांद्याकडे बघत सांगितलं, "तू बाहेर आलीस."

६

रविवारी उन्हं चांगली तापेपर्यंत काहीच लागलं नाही. साडेअकराला डॉक्टरांची काठी वाकली, रीळ किंचाळलं, आणि मासा मोठ्या डोहाच्या दिशेने सुटला.

"हा जबडा माझ्या ओळखीचा आहे!" डॉक्टर ओरडले.

पंचवीस मिनिटांनी मासा दमला. काका त्याच्यापाशी पोचले आणि त्यांनी हात वर करून पिवळा बिल्ला दिसतोय अशी खूण केली. चाळीस. ती झोळी घेऊन निघाली, डोहाच्या कडेने, खुंट्याच्या बाजूने, कारण तो रस्ता जवळचा होता. हसत होती. स्टॉपवॉच तिने तयारीत दाबूनही टाकलं. तेवढ्यात पायाखालचा दगड फिरला.

पाणी डोक्यावरून गेलं. रबरी विजार भरली आणि खाली ओढू लागली. तिला पोहता येत होतं, आणि त्याचा काही उपयोग नव्हता. हिरवा उजेड वर गेला, लहान झाला. तिला स्पष्ट आठवतं, तिने मनात म्हटलं होतं: अहवाल टेबलावर आहे, काका, सापडेल तुम्हाला.

मग ती थांबली.

तिला थांबवलं गेलं. छातीखाली काहीतरी आलं, रुंद, मऊ, आधार देणारं. दुसरं काहीतरी दोन्ही घोट्यांना मिळून वेढलं. तिला अलगद फिरवण्यात आलं, आणि पाणी तिच्या तोंडावर समोरून येऊ लागलं.

घोट्यांवरची पकड घट्ट होती. दुखेल इतकी. नवख्याची.

आणि मग, कुणी कुणाला सांगावं तशी, ती सैल झाली.

तिने डोळे उघडले. वर उजेड होता आणि उजेडाच्या अलीकडे काहीतरी तिच्यावर वाकलेलं होतं, ती कुंडावर वाकते तसं. फिकट, मोठं, कडा नसलेलं. त्याच्या आडून दुसरं, लहान. डोहात आवाज नव्हता. धबधब्याचा नव्हता, प्रवाहाचा नव्हता. एवढी शांतता तिने आयुष्यात एकाच ठिकाणी ऐकली होती: मासा झोळीत असतो आणि सगळे श्वास रोखून उभे असतात तेव्हा.

पाठीवर डावीकडे एक बारीक चिमटा बसला. अजिबात दुखलं नाही.

पुढे ती उथळ पाण्यात उभी होती, गुडघ्याएवढ्या, तोंड प्रवाहाकडे. कुणीतरी तिला अजून धरून होतं. घाई करत नव्हतं. तिला काय करायचं ते माहीत होतं; तिने हजार वेळा पाहिलं होतं. तिने पाय झाडला, आणि ते सुटलं.

डॉक्टर काठावर गुडघ्यांवर बसले होते, चेहरा खडूसारखा. "दोन मिनिटं असतील," ते पुटपुटत होते. "मी उडी मारत होतो, यांनी मारू दिली नाही. दोन मिनिटं, फार तर तीन."

स्टॉपवॉच अजून चालू होतं. सहा मिनिटं चाळीस. पाणी गेलं असेल आत.

काका जिथे होते तिथेच होते. चाळिसावा मासा त्यांच्या हातात, पाण्यात, तोंड प्रवाहाकडे. त्यांचे ओठ निळे पडले होते, आणि ते अशी धाप टाकत होते जसं बराच वेळ कुणी नाकतोंड दाबून धरलं असावं.

"तुम्ही आला का नाहीत?" तिने विचारलं. रागाने नाही. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"बोटुकले," काका म्हणाले, आणि त्यांना पुढे बोलायला वेळ लागला, "आपण सोडत असताना मध्येच कुणी हात घातला तर?"

७

काकूने तिला टॉवेलात गुंडाळून चुलीपाशी बसवलं, पाठ उघडी केली आणि डाव्या फऱ्याखालची जागा निरखून पाहिली.

"एक?" तिने विचारलं.

"दोन," काकू म्हणाली. "एक जुना आहे. लहान होता, अंगाबरोबर वाढलाय." तिने दुसऱ्यावर बोटाचं टोक टेकवलं. "हा अजून ओला आहे. आणि बाजूला बारीक ओरखडा आहे. जरा नीट घ्यायला काय झालं होतं!"

"नवीन आहे तो," ती म्हणाली, आणि आपण कुणाची तरी बाजू घेतोय हे तिच्या लक्षात आलं. मग ती रडली, आणि काकूने तिला रडू दिलं.

काका दारात उभे होते. "नऊचे दहा होतील का, असं कधी मनात येतं," ते म्हणाले, आज हवा कशी आहे ते सांगावं तसं. "गेल्या खेपेला त्यांनी मला खूप वेळ धरलं होतं. पाय लवकर हलेनात माझे. वय झालं."

"आणि नाहीच हलले तर?"

काकांनी तिच्याकडे पाहिलं. उत्तर तिला माहीत होतं.

८

समितीच्या अध्यक्षबाई चष्म्यावरून बघणाऱ्या होत्या. त्यांनी चाळीस नोंदी वाचल्या, चाळीस फोटो पाहिले, आणि शेवटच्या पानावर त्यांचं बोट थांबलं.

"हे तुम्ही स्वतःहून लिहिलंय? तुमच्याआधी दुसरं कुणी हेच मासे धरून, मोजून सोडतंय, असं?"

"हो."

"यामुळे तुमचा दावा लंगडा पडतो, कळतंय ना?"

"कळतंय. पण ते आहे, म्हणून लिहिलं."

"कोण आहेत ते?"

"भेट झाली नाही," ती म्हणाली. मग तिला ते पुरेसं खरं वाटलं नाही. "नीट झाली नाही. पण त्यांची पद्धत आमचीच आहे. किंवा आमची त्यांची. आणि दोनदोनदा धरलेला मासासुद्धा जगतो, वाढतो, हे त्यामुळेच सिद्ध होतं. आकडे तक्त्यात आहेत."

बाईंनी तक्ता पाहिला. त्यांना तो पटलेला दिसला. निदान तिचा प्रामाणिकपणा पटला. "एक सांगा," त्या म्हणाल्या. "कागद सोडा. सोडलेले खरंच परत येतात?"

खोलीत बुटातून थेंब गळला. भिंतीपलीकडे काकूने भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला, आणि मग कान देऊन उभं राहिल्यासारखी शांतता.

"येतात," ती म्हणाली.

दहा वर्षांच्या कागदावर चार वाजता सह्या झाल्या. समितीची गाडी वळणाआड गेली तसे काका बूट चढवू लागले.

"आता कुठे?" काकूने विचारलं.

"खुंटा उपटतो तेवढा."

"उद्या उपटा."

"एक वर्ष बघतोय त्याला."

त्यांना अडवणं कुणाच्याच हातात नव्हतं. ते डोहात शिरले, पाण्याला बोलत, जसे रोज बोलायचे. खुंट्याला दोन्ही हातांनी धरून त्यांनी एकदा हिसका दिला, दुसऱ्यांदा दिला. तिसऱ्यांदा खुंटा निघाला. तो डोक्यावर धरून ते काठाकडे वळले, आणि एवढे हसत होते की लांबूनही दात मोजता आले असते. मग ते तिथे नव्हते.

त्यांची टोपी तेवढी पाण्यावर राहिली, एकदा फिरली, दोनदा फिरली.

ती धावली. शिकलेलं सगळं तिच्या अंगात एकदम जागं झालं: दोरी, उडी, तीन मिनिटं. ती डोहाच्या कडेपर्यंत पोचली आणि तिला जाणवलं, धबधब्याचा आवाज बंद झालाय. पाखरं गप्प होती. साऱ्या नदीवर ती शांतता पसरली होती, तिच्या ओळखीची.

ती थांबली. वळली. डोहाला वळसा घालून खालच्या उथळ पाण्यात गेली, जिथे सोडलेले बाहेर येतात, आणि गुडघ्याएवढ्या पाण्यात दोन्ही हात पुढे करून उभी राहिली. सैल.

शेजारी पाणी हललं. काकू होती. आयुष्यात पहिल्यांदा घोट्याएवढ्या पाण्यात उतरलेली, काखेत टॉवेल, नजर डोहावर.

"जरा जास्तच वेळ धरतात हल्ली," ती म्हणाली. तिचा आवाज अगदी स्थिर होता.

पुतणीने गळ्यातलं स्टॉपवॉच काढलं आणि न बघता काठावर टाकलं. मग दोघींनी मिळून श्वास रोखला.